पाटीवरचें अक्षर

विंचूर-प्रकाशा रस्त्यानें सटाण्यास येणाऱ्या प्रवाशाला हें गांव प्रथम भेटतें तें अक्षरांच्या रूपानें. सटाण्याला रेल्वे नाहीं. त्यामुळें स्टेशनाच्या पिवळ्या फलकावरील काळीं अक्षरें येथें कोणाचें स्वागत करीत नाहींत. येथें मनुष्य येतो तो बहुधा एस. टी. च्या गाडीनें, आणि त्या गाडीच्या कपाळावर गांवाचें नांव लिहिलेलें असतें. पूर्वीं तें पत्र्यावर कुंचल्यानें रंगविलेलें असे. आतां कांहीं गाड्यांवर तें विजेच्या ठिपक्यांनीं उमटतें. पुढें पेठ लागते आणि दोन्ही बाजूंनीं पाट्यांची रांग सुरू होते. कांद्याची अडत, बीबियाणें, खतें, किराणा, कापड, पंपदुरुस्ती, डॉक्टर, वकील, खानावळ, असा बागलाण तालुक्याचा सारा व्यवहार पाट्यांवर मांडलेला असतो, आणि तो वाचीत वाचीतच खेड्यावरून आलेला मनुष्य आपल्या कामाच्या ठिकाणीं पोंचतो.

एवढें वाचन रोज घडतें. परंतु हीं अक्षरें कोणीं काढलीं, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ग्रंथावर ग्रंथकाराचें नांव असतें, चित्रावर चित्रकाराची सही असते. पाटी रंगविणाराही एका कोपऱ्यांत, बोटभर जागेंत, आपलें नांव घालतो. पण तेथवर दृष्टि जाते ती बहुधा दुसऱ्या पेंटरचीच. गांवांत ज्याचें लिहिलेलें सर्वांत अधिक वाचलें जातें, तो असा निनांवी राहतो. त्याच्या हातचें काम आतां झपाट्यानें कमी होत आहे. म्हणून तें काम कसें चाले, आणि त्याच्याबरोबर नेमकें काय जाणार आहे, हें एकदां शांतपणें पाहून ठेवणें अगत्याचें आहे.

प्रथम या गांवाचेंच नांव घ्यावें. ‘सटाणा’ या शब्दांत वेलांटी नाहीं, मात्रा नाहीं, उकार नाहीं आणि रफारही नाहीं. सगळा शब्द एका शिरोरेषेखालीं निमूटपणें बसतो, आणि पाटीची जवळजवळ सर्व उंची अक्षरांना मिळते. आतां याच तालुक्यांतील ‘मुल्हेर’ हें नांव पाहावें. वर मात्रा, खालीं उकार, आणि मध्यें ‘ल्ह’ हें जोडाक्षर. म्हणजे तीन मजले झाले. तेवढ्याच उंचीच्या पाटीवर हें नांव बसवावयाचें तर मधल्या मजल्याला पुष्कळच कमी जागा उरते आणि अक्षर आपोआप लहान होतें. ‘नामपूर’ला तळघर लागतें, ‘ठेंगोडा’ला माडी लागते, आणि ‘ब्राह्मणगांव’ रंगवितांना तर नवशिक्याची परीक्षाच असते. एका रांगेंतील दुकानांच्या पाट्या सारख्या उंचीच्या असल्या तरी त्यांवरील अक्षरांचा आकार सारखा कां नसतो, याचें उत्तर येथें आहे. रोमन लिपींत अक्षर तळच्या रेषेवर उभें राहतें. देवनागरींत तें वरच्या रेषेला लोंबतें. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणें प्रत्येकाची लांबी निराळी, परंतु दोरी एक. ती दोरी पाटीवर कोठें बांधावयाची, हा रंगविणाऱ्याचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय असतो.

दुसरा निर्णय अंतराचा. ‘सटाणा’ हा शब्द दिसावयास सोपा, पण त्यांतही एक खोंच आहे. ‘ट’ हें अक्षर गोल. त्याला पूर्ण उंचीचा दंड नाहीं. त्याच्यापुढें काना आला कीं त्या दोहोंमध्यें, विशेषतः खालच्या अंगाला, पोकळी राहते. उलट ‘णा’ मध्यें दंडाशेजारीं दंड येऊन गर्दी होते. फूटपट्टीनें अगदीं सारखीं अंतरें टाकलीं तर ‘टा’ फांकलेला आणि ‘णा’ चेंगरलेला दिसतो. म्हणून जाणता कारागीर पट्टी बाजूला ठेवतो, चार पावलें मागें जातो, डोळे किंचित् मिटतो आणि अंतर नजरेनें जुळवितो. ‘टा’चा काना तो थोडा आंत घेतो, ‘णा’चा थोडा बाहेर सारतो. हें अंतर मापाला चुकीचें आणि दृष्टीला बरोबर असतें. पाटी वाचणाऱ्याला यांतील कांहींच कळत नाहीं. त्याला नांव चटकन् वाचतां येतें, एवढाच त्याचा अनुभव.

या कलेचें घराणें जुनें आहे. देवनागरीचें वळण बोरूनें घडविलें. तिरप्या टोंकाच्या बोरूनें ओढलेली रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते; पोथ्यांतील अक्षरांना जो डौल आहे तो या तिरपेपणाचा. दप्तराला आणि हिशेबाला मोडी चाले, पोथीला बाळबोध. पुढें छापखाने आले. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाळबोध टाइपाला असें देखणें रूप दिलें कीं, छापील अक्षराचा तो एक आदर्शच ठरला. १८५७ सालीं मुंबईस जी कलाशाळा निघाली, ती पुढें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या नांवानें प्रसिद्धीस आली. पेठेंतील पाटीवर या तिन्ही ओढ्यांचें पाणी आलें. पोथीपासून वळण आलें, छापखान्यापासून शिस्त आली, आणि अक्षराला एका बाजूनें सांवली देऊन तें पाटीवरून उठून आल्यासारखें दाखविण्याची युक्ति चित्रकाराकडून आली.

‘पेंटर’ हा शब्द तर महाराष्ट्रांत आडनांवासारखा रुळला आहे. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) हे प्रथम नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पुढें त्यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आणला. तथापि जगानें त्यांना ओळखलें तें बाबूराव पेंटर या नांवानेंच. त्यांच्यानंतरच्या काळांत कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनीं मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नांवें अशा निरनिराळ्या वळणांनीं लिहिलीं कीं, नाटकाचा स्वभाव त्याच्या नांवाच्या अक्षरांवरून ओळखूं यावा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनीं हाताच्या अक्षराचा अभ्यास पुढें संगणकाच्या अक्षरांपर्यंत नेला. हीं नांवें इतिहासांत राहिलीं. परंतु तालुक्यातालुक्याच्या गांवीं शिडीवर उभे राहून ज्यांनीं जन्मभर पाट्या रंगविल्या, त्यांचीं नांवें त्या पाट्यांच्या कोपऱ्यांतच राहिलीं आणि पाट्यांबरोबरच पुसलीं गेलीं.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहावें. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकतात. जुनी पाटी असेल तर ती खरवडून, पॉलिश-कागदानें घांसून गुळगुळीत करतात. गंज धरूं नये म्हणून पत्र्याला आधीं तांबड्या अस्तराचा हात देतात, आणि तो वाळल्यावर तेलरंगाचे दोन हात. घाई करून ओल्यावर दुसरा हात दिला तर पुढच्या उन्हाळ्यांत रंगाला भेगा पडतात व पोपडे सुटतात. म्हणून या धंद्यांत वाट पाहण्याचें काम रंगविण्याच्या कामाइतकेंच महत्त्वाचें. मग रंगीत भुकटींत घोळलेला दोरा दोन टोंकांना ताणून मध्यें उचलून सोडला कीं सरळ रेषा उमटते. त्या रेषांच्या आधारानें खडूनें अक्षरांचा आराखडा होतो. एकच नांव अनेक ठिकाणीं काढावयाचें असेल, तर कागदावर आराखडा काढून त्याच्या कडेनें सुईनें भोंकें पाडतात, आणि पुरचुंडींत बांधलेली कोळशाची वा खडूची पूड त्यावरून थापटतात. ठिपक्याठिपक्यांनीं अक्षर खालीं उतरतें.

नंतर कुंचला. भरणीसाठीं रुंद चपटा कुंचला, आणि कडा ओढण्यासाठीं लांब मऊ केसांचा. रंग फार दाट असला तर कुंचला अडखळतो, फार पातळ असला तर ओघळतो. टर्पेंटाइन किती घालावें हें हवेवर अवलंबून. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पत्रा तापतो आणि रंग कुंचल्यावरच सुकूं लागतो. पावसाळ्यांत तो वाळतां वाळत नाहीं, आणि ओल्या रंगावर धूळ व चिलटें येऊन बसतात. हात थरथरूं नये म्हणून टोंकाला चिंध्या गुंडाळलेली एक काठी पाटीला टेकवितात आणि तिच्यावर मनगट ठेवतात. काना वरून खालीं, एका दमांत ओढावयाचा असतो. मध्यें श्वास घेतला तरी रेघेंत उमटतो, असें म्हणण्याजोगें तें काम. ‘ट’चा, ‘ठ’चा, ‘ढ’चा गोल मात्र एका दमांत होत नाहीं, तो दोन बाजूंनीं दोन फटकाऱ्यांत घेऊन असा जुळवावयाचा कीं सांधा दिसूं नये. कांचेवर काम असेल तर सगळाच उलटा संसार: अक्षर आंतल्या बाजूनें उजवीकडून डावीकडे काढावयाचें, आणि जें शेवटीं द्यावयाचें, म्हणजे कडा आणि चमक, तें आधीं देऊन पार्श्वभूमि सर्वांत शेवटीं भरावयाची.

हें सर्व ज्या शाळेंत शिकविलें जाई, तिला इमारत नव्हती. दहाबारा वर्षांचा मुलगा पेंटरच्या हाताखालीं येई. पहिलें वर्ष कुंचले धुण्यांत आणि पत्रे घांसण्यांत जाई. मग उस्तादानें काढलेल्या अक्षरांत रंग भरण्याची परवानगी मिळे. भरतां भरतां हाताला अक्षराची ओळख होई. कोठें जाडी वाढते, कोठें ती निमुळती होते, हें त्याला कोणी सांगत नसे. कित्येक वर्षांनीं एखाद्या दिवशीं उस्ताद खडू त्याच्या हातीं देई. या विद्येचें क्रमिक पुस्तक नव्हतें. एका पिढीच्या हातांतून ती दुसऱ्या पिढीच्या हातांत जाई, आणि मध्यें एक पिढी गळाली तर ती पुन्हा वाचून शिकतां येण्यासारखी नाहीं.

सटाण्यासारख्या ठिकाणीं या कामाचे हंगामही असत. मार्गशीर्षांत देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. १८७०-७१ च्या दुष्काळांत सटाण्याच्या या मामलेदारानें सरकारी खजिना भुकेलेल्यांना वांटून दिला, अशी त्यांची ख्याति आहे. १८८७ सालीं ते निवर्तले, आणि ज्या गांवीं त्यांनीं हुद्दा भूषविला त्याच गांवीं त्यांचें मंदिर उभें राहिलें. अशी यात्रा म्हटली कीं पाळणे, तंबू, मिठाईचीं दुकानें, खेळ आणि तमाशे यांचे फलक आलेच. दसरा-पाडव्याला नव्या गाड्यांवर व ट्रॅक्टरांवर नांवें घालावयाचीं असत. निवडणूक आली कीं भिंती रंगत. बारमाही भाकरी मात्र गाड्यांच्या नंबरपाट्यांवर चाले. तें काम लहान, पण रोजचें.

या पाट्यांचें आणखी एक काम होतें, ज्याचा मोबदला कोणीं दिला नाहीं. बागलाणांत घरोघर अहिराणी बोलली जाते, पण पाटी लिहिली जाते ती प्रमाण मराठींत. शाळेंतील पुस्तक मिटल्यावर मुलाला लेखी मराठी भेटते ती पेठेंतील पाट्यांवर. एस. टी. च्या खिडकींतून एकेक अक्षर लावून वाचणाऱ्या मुलाचा पेंटर हा दुसरा पंतोजीच होय. आणि पंतोजीप्रमाणेंच त्याच्या चुकाही मुलांत उतरतात, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. ‘आशीर्वाद’ या शब्दांतील रफार ‘वा’वरून उचलून ‘शी’वर ठेवण्याची चूक ट्रॅक्टरांच्या आणि ट्रकांच्या पाठीवर इतकी पसरली आहे कीं, बरोबर लिहिलेला शब्दच कित्येकांना चुकीचा वाटावा. कारागिराच्या हाताची थोरवी गातांना त्याच्या शुद्धलेखनावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं.

हा धंदा एकाएकीं बसला नाहीं. त्याचे आधार एकामागून एक निघाले. १९९० नंतर निवडणूक आयोगानें भिंती रंगविण्यावर कडक नजर ठेवली, आणि १९९५ सालीं महाराष्ट्रांत मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा झाला. भिंतींचें विद्रूपीकरण थांबावें हें योग्यच होतें. पण त्याबरोबर पेंटरचा एक हंगाम गेला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं फ्लेक्सवर छापणारीं यंत्रें गांवोगांवीं आलीं. ज्या पाटीला आठ दिवस लागत ती तासाभरांत मिळूं लागली, शिवाय तिच्यावर मालकाची रंगीत छबीही उमटूं लागली, आणि किंमत कमी. अशा वेळीं दुकानदारानें फ्लेक्स पसंत केला, यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. शेवटीं १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला कारखान्यांतून येणारी उच्च-सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली, आणि पुढें जुन्या गाड्यांनाही ती बसविण्याचा हुकूम निघाला. चोरी व बनावट क्रमांक यांना आळा घालण्याचा हेतु चांगला; परंतु पेंटरच्या रोजच्या भाकरीवर हा शेवटचा घाव होता. या प्रत्येक निर्णयाला स्वतःचें सबळ कारण होतें, आणि एकाही निर्णयाच्या वेळीं पेंटर कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता.

यांत गेलें काय? पहिली गोष्ट, वस्तूचें आयुष्य. फ्लेक्स म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड या प्लॅस्टिकचा थर दिलेलें कापड. तें कुजत नाहीं, आणि जाळलें तर त्यांतून घातक वायु निघतो. पत्र्याची पाटी खरवडून पुन्हा रंगवितां येते. बापाच्या नांवाची पाटी मुलाच्या नांवाला उपयोगीं पडते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठींतील ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांचें वळण हिंदींतील वळणाहून निराळें आहे. संगणकांत मात्र दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. कोणतें रूप उमटावें हें ज्या अक्षरसंचांतून लिहावें त्यावर ठरतें. हिंदीसाठीं घडविलेला संच घेतला कीं सटाण्याच्या पाटीवर ‘साल्हेर’मधील ‘ल’ आणि ‘श्री यशवंतराव’मधील ‘श’ परक्या वळणानें येतात, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. पेंटरच्या हातून हें घडत नसे. कारण त्याचा हातच मराठी वळणावर पोसलेला असे. नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानें राज्यशासनानें या दोन अक्षरांचीं मराठी रूपें वापरण्याविषयीं आदेश दिला, यावरूनच हा प्रश्न किती खरा आहे हें दिसून येईल.

तिसरी गोष्ट, अक्षर आणि जागा यांचा मेळ. पेंटर पाटी रंगविण्यापूर्वीं दुकानासमोर उभा राही. ऊन कोणत्या बाजूनें येतें, रस्ता किती रुंद आहे, वाचणारा पायीं जाणार कीं गाडींतून, हें पाहून तो अक्षराची जाडी ठरवी. यंत्राला नांव तेवढें कळतें. तें कोठें टांगलें जाणार हें कळत नाहीं. म्हणून संगणकावर चौकटींत नांव बसेना कीं तें आडवें दाबलें वा उभें ताणलें जातें. त्यांत काने बारीक होतात आणि शिरोरेषा जाड राहते, किंवा याच्या उलट होतें. बोरूनें शतकानुशतकें जपलेलें जाड-बारीक रेघांचें प्रमाण एका क्षणांत मोडतें.

तथापि चित्र सर्वस्वीं काळें नाहीं. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातानें रंगविलेल्या फलकांवरून ‘यात्रा’ नांवाचा एक देवनागरी अक्षरसंच तयार झाला असून तो कोणालाही विनामूल्य वापरतां येतो. हनीफ कुरेशी (१९८२-२०२४) या कलावंतानें ठिकठिकाणच्या पेंटरांकडून त्यांचें अक्षर लिहवून घेऊन, त्यांच्याच नांवानें, संगणकासाठीं अक्षरसंच करविले. निनांवी हाताला नांव मिळण्याचा तो एक मार्ग ठरला. इकडे महाराष्ट्रांत मार्च २०२२ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरी लिपींत मराठी पाटी लावणें बंधनकारक झालें, आणि मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षरांहून लहान असतां कामा नये असें ठरलें. २५ सप्टेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांत हा नियम पाळण्यास सांगितलें. कायद्यानें पाटीची भाषा ठरविली, अक्षराचा आकारही ठरविला. तें अक्षर देखणें असावें हें मात्र कोणताही कायदा ठरवूं शकत नाहीं. तें काम समाजाच्या अभिरुचीचें आहे.

आणि येथें सुशिक्षित कुटुंबांचा संबंध येतो. घराला नांव देतांना चार दिवस विचार होतो. शब्दकोश उघडला जातो, वडीलधाऱ्यांना विचारलें जातें. तें नांव दारावर कसें लिहावें याचा विचार मात्र दुकानांतील यंत्रावर सोपविला जातो. तेवढें एक नांव गांवांतील वा पेठेंतील एखाद्या पेंटरकडून रंगवून घ्यावें. तो शिडी लावून काम करीत असतां मुलांना जवळ उभें करून दाखवावें. त्याच्या कोपऱ्यांतल्या सहीला जागा द्यावी. लिहून दिलेला मजकूर तेवढा आधीं तपासून द्यावा, म्हणजे रफाराची तक्रारही राहणार नाहीं. एवढ्यानें धंदा पूर्ववत् होईल असें नाहीं. परंतु ज्याच्या हातांत अजून हें वळण आहे, त्याला आठवड्याचें काम मिळेल. आणि काम असलें तर कुंचले धुण्यासाठीं त्याच्या हाताखालीं एखादा मुलगा पुन्हा येऊन उभा राहील.